इनायतचं मशीन हलवताना

११ मे २००९

...पाणी भरून झालं होतं, अंगण झाडून झालं होतं, शेळीपुढे पाला टाकला होता आणि मी सुपात तांदूळ पाखडत होते. इनायत ओसरीवर चटई अंथरून, नागपूरहून आणलेली खोकी उघडून बसले होते. "जरा हे धर," म्हणाले. मी पत्र्याचं झाकण धरलं. "हात पुसून धर. कोंडा आत गेला तर मशीन शिंकत बसेल." मी हात पुसले. त्यांनी स्क्रू आवळले, मी परत सुपाकडे गेले. दुपारी अंबाडीची भाजी केली. बस, एवढंच. अकरा वर्षांपूर्वीची सकाळ. त्या झाकणाखाली जे होतं त्याची राखण पुढे मलाच करायची आहे, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

जिवंत असताना मी त्यांना कधी नावानं हाक मारली नाही. "कहकशाँचे अब्बा" म्हणायचे. वहीत मात्र नाव लिहिते. वही कुणाला सांगायला जात नाही.

आज हे आठवलं, कारण डॉक्टर रिनाबाईंनी दुपारी बोलावून घेतलं. मी केसपेपरच्या खिडकीवर बसते त्या आमच्या ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात चार जुनी मशीनं आहेत. एकावर केसपेपर, एकावर औषधं, एकावर लॅबचे रिपोर्ट आणि चौथं इनायतनी जोडलेलं, त्यावर सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं रजिस्टर. नऊ हजार माणसं आहेत त्यात. कोण आजारी, कोण नुसता वाहक, कुणाला कोणतं औषध सोसत नाही. वैनगंगेपलीकडून, पार गडचिरोलीच्या आतल्या गावांतून लोक येतात. लग्नसराईत जास्तच, कारण मुलगा-मुलगी दोघंही वाहक असले तर लेकरांचे हाल होतात हे आता लोकांना कळलंय. आणि या चौथ्या मशीनची डिस्क दोन महिन्यांपासून टिकटिकते आहे.

नागपूरच्या एका कंपनीनं ऑफिस बंद करताना दोन सर्व्हर दवाखान्याला देऊन टाकले. अगदी जुळे.

"चारही मशीनं एका सर्व्हरच्या पोटात घालायची, दुसरा राखीव," डॉक्टर म्हणाल्या. "प्रफुल म्हणतो लायसनचं सॉफ्टवेअर घ्या. तुम्ही परवा म्हणत होतात, फुकटचं, कुणालाही आतून उघडून बघता येणारं खुलंही मिळतं. पाऊस लागायच्या आत मला एक नाव द्या."

"मी?"

"मग काय मी? माझा मोबाईल अडला तर झाडणारी धुरपता सुरू करून देते, रहमतबी."

घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. शेहेचाळीस वर्षांच्या बाईनं असं लिहू नये, पण खरं आहे.

१३ मे

प्रफुल आला. इथलाच, आता नागपूरला सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका फर्ममध्ये आहे. त्यानं पहिल्या सर्व्हरवर लायसनचं घातलं, महिनाभराच्या चाचणीवर. तासाभरात काम झालंसुद्धा. मग आपल्या लॅपटॉपवर दाखवलं: एकाच सर्व्हरमध्ये चार चौकोन, प्रत्येक चौकोन म्हणजे एक पुरतं मशीन. त्यातल्या कुणालाच माहीत नसतं की आपण दुसऱ्याच्या पोटात आहोत. मी दोनदा बंद-चालू करून पाहिलं. काय मजा! एक झोपवावं, बाकीचे तीन जागे.

धुरपता फरशी पुसत होती. म्हणाली, "मले तं काईच समजलं नाई."

मी सांगितलं. तिनं ऐकलं, फडकं पिळलं. "म्हंजे चुलीले वैल काढतो तसं. आग एकच, भांडे चार."

मी गेला महिनाभर वाचते आहे. इतकं नीट कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही.

प्रफुल हसला. "भाभी, तुम्ही फुकटच्या भानगडीत नका पडू. अडलं की कोण येईल?"

"आणि तुझं अडलं की?"

"मी येईन ना."

"नागपूरहून?"

"एका फोनवर."

पोरगा खोटं बोलत नाही. मला आवडलं त्याचं सॉफ्टवेअर, हे इथे लिहून ठेवते. पुढे मी हट्टाला पेटले तर उपयोगी पडेल.

१६ मे

खुल्याची सीडी बसस्टँडवरच्या स्टॉलवर मिळाली, मासिकाला चिकटवलेली. स्टॉलवाल्याला वाटलं मुलासाठी नेते.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं रद्दीतून. किराणा ज्या कागदात यायचा तो वाचल्याशिवाय मी चुलीत घातला नाही. इंग्रजी शिकले ती इनायतच्या मशीनच्या पुस्तकांतून, शब्दकोश मांडीवर घेऊन. त्यामुळे मला इंग्रजीत कुणाची ख्यालीखुशाली विचारता येत नाही, पण 'डिस्क सापडली नाही' हे सहा प्रकारे वाचता येतं.

आज सहाही प्रकारे वाचलं. दुसरा सर्व्हर मख्ख. स्वतःच्या पोटातली डिस्क त्याला दिसेना.

१७ मे

नाही झालं.

१९ मे

झालं! झालं!

काल इंटरनेट कॅफेत जाऊन प्रश्न टाकला होता, मोडक्या इंग्रजीत. आज उत्तर आलेलं. कुठल्या देशातला माणूस आहे देव जाणे, नावावरून बाई की पुरुष तेही कळेना. त्यानं लिहिलं होतं, सुरू होताना अमुक एक ओळ घाला. मी ओळ हातावर लिहून आणली, घामानं पुसू नये म्हणून मूठ मिटून. घातली. डिस्क दिसली. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. धुरपता धावत आली, तिला वाटलं साप निघाला.

त्या माणसाला मी ओळखत नाही, तो मला ओळखत नाही. त्यानं ब्रह्मपुरी नकाशातसुद्धा पाहिली नसेल. इनायत असते तर त्यांना हे सांगताना मी अर्धं जेवण विसरले असते. ते म्हणाले असते, "आधी जेव."

मग जेवले.

२१ मे

प्रफुल लॅपटॉप घेऊन आला होता, तेव्हा चारही मशीनच्या नकला काढल्या आणि दोन्ही सर्व्हरमध्ये घातल्या. एकीकडे प्रफुलचं, दुसरीकडे माझं. खरं काम अजून जुन्या मशीनवरच. निकाल लागला की शेवटची नक्कल काढायची आणि जुनी बंद करायची.

प्रफुलचं थोडं चपळ आहे. पडदेही देखणे. माझं ओबडधोबड, पण का अडलं ते सांगतं. त्याचं नुसता आकडा देतं, त्या आकड्याचा अर्थ प्रफुलच्या फर्मला विचारायचा. दोन्ही चालतात.

डॉक्टरांनी विचारलं, "मग? कधी हलवता?"

"बाजाराच्या दिवशी तपासते आधी. खरी गर्दी तेव्हाच असते." त्यांना पटलं.

२५ मे

बाजार. भाजी विकून लोक दवाखान्यात आले, ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मी दोन्ही सर्व्हरवर तेवढाच भार टाकला. एकालाही दम लागला नाही. केवढं बरं वाटलं!

धुरपता म्हणाली, "झालं नं भाभी? आता काऊन थांबल्या?"

"लोडशेडिंगची चाचणी राहिली."

इनायतच्या मशीनवर मी मोठ्या अक्षरात कागद लावला: 'हात लावू नका.' एवढ्या गडबडीत कुणाचा धक्का लागला तर काय घ्या.

२८ मे

लोडशेडिंगमध्येही दोन्ही टिकले. यूपीएसवर सव्वा तास. चंद्रपूरला वीज बनते आणि आम्ही अंधारात, त्याचा आज पहिल्यांदा उपयोग झाला.

नदीपलीकडून लहानू आले, सत्तरीचे, नातीला घेऊन. "पोरगा नोकरीवर आहे, पसंती झाली, मंडपाचं सांगून ठेवलं. आता डॉक्टरीण म्हंते रगत पाहा. रगतात काय पाह्याचं बाई, लालच राह्यते!"

नातीनं पदराआड हसू दाबलं. रिपोर्ट तयार झाला की आमच्याकडे नोंद होईल, चिठ्ठी त्यांना सल्ल्याच्या दिवशीच मिळेल. नवऱ्या मुलाची नोंद रजिस्टरमध्ये आधीपासून आहे: तो वाहक. आता सगळं तिच्यावर. घरच्यांनी मिळून सल्ल्याला चार जूनला यायचं ठरलं.

आता प्रिंटर राहिला. तो तपासला की झालं.

३० मे

प्रिंटर ठीक. लहानूंच्या नातीची नोंद आज लॅबनं केली, जुन्या मशीनवर.

प्रफुलचा फोन. "भाभी, अजून काय राहिलं?"

"तारखांचं बघायचंय. महिना बदलताना काही गडबड होते का."

"महिना?" त्यानं विचारलं. मग म्हणाला, "इनायतभाऊंचं मशीन बरं आहे ना?"

"चालू आहे की."

टिकटिक वाढली आहे. मी झाकणावर तळवा ठेवून ऐकते. तापतं, पण फार नाही.

कहकशाँ बल्लारपूरला बोलावते आहे, सुट्टी संपायच्या आत ये म्हणते. काम झालं की येते म्हटलं. हे काम अर्धवट टाकून कशी जाऊ? रोज काहीतरी नवीन कळतं आहे.

१ जून

महिना नीट बदलला. आता पंधरवडा कसा जातो ते बघावं म्हणते.

धुरपता झाडू टेकवून उभी राहिली. "भाभी, एक बोलू? तुमी त्या दोघायले तपासून नाई राह्यल्या."

"मग काय करते आहे?"

"मले काय मालूम. मी तं झाडणारी." आणि गेली. कधीकधी हिचं बोलणं कळत नाही.

२ जून

जसं झालं तसं लिहिते.

दुपारी आभाळ एकाएकी काळं झालं. मी केसपेपरच्या खिडकीवर होते. गडगडलं आणि मागच्या मोहाच्या झाडावर वीज पडली. दवाखाना हादरला. लेकरं रडायला लागली. मी पळत खोलीत गेले तर धुरपता हातात वायरींचा भारा घेऊन उभी. तिनं दोन्ही सर्व्हरच्या वायरी काढल्या होत्या, तिन्ही जुन्या मशीनच्या काढल्या होत्या. फक्त इनायतचं मशीन लागलेलं होतं. म्हणजे लागलेलं राहिलं होतं. खोलीत जळका वास. टिकटिक नाही, काही नाही.

"हे का नाही काढलंस?" मी ओरडले. मी कुणावर ओरडत नाही.

"तुमीच लिवलं नं! हात लावू नका. मंग मी कशी लावू?" तिचे डोळे भरले. "गरजलं का आधी वायर काढाची, मंग इचाराचं, हा इनायतभाऊचाच नियम होता. पण कागद तुमचा होता."

कागद माझा होता.

नकला एकवीस तारखेच्या. त्यानंतरचे बारा दिवस, त्यातले दोन बाजाराचे, फक्त त्या एका डिस्कवर. लहानूंची नात त्यातच. लॅबचे निकाल कागदी वहीतही मी एकवीसपर्यंतच उतरवले होते, 'नंतर एकदम' म्हणून. वादळ ओसरल्यावर लॅबच्या जुन्या मशीनवर असेल का म्हणून पाहिलं, तिथेही नाही. सिकलसेलचे निकाल आपण थेट रजिस्टरलाच लिहितो.

तीन आठवडे मी काय तपासत होते?

३ जून

पहाटेच आले. फोन, मोबाईल दोन्ही बंद, टेलिफोनचे खांब आडवे झालेत. वीज मात्र होती.

सर्व्हर आधी लावले. प्रफुलचा दिवा लगेच हिरवा झाला. आत काय चाललंय ते बघायला त्याचा लॅपटॉप लागतो आणि तो नागपुरात. इथल्या एखाद्या मशीनवर तो प्रोग्रॅम घालून दे, असं मी त्याला सांगायला हवं होतं. चूक माझी. माझ्या सर्व्हरला उठायला उशीर लागला. तीन मशीनं उठली, लॅबचं अडलं, डिस्क तपासू का म्हणून विचारत बसलं. पुस्तकात पान शोधलं, हो म्हटलं, दहा मिनिटांनी तेही उठलं. दवाखाना उघडायच्या आत केसपेपर आणि औषधं त्याच्यावरून सुरू केली. लोकांना कळलंही नाही.

मग इनायतच्या मशीनकडे वळले. झाकण काढलं. वीज देणारा डबा जळाला होता, डिस्क नाही. औषधांच्या जुन्या मशीनचा डबा काढून याला लावला. धुरपतानं बॅटरीचा उजेड धरला. हात जराही हलू दिला नाही तिनं.

पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही. आम्ही तासभर थंड होऊ दिलं. तिसऱ्यांदा टिकटिक सुरू झाली. मला इतकं गोड काही कधी वाटलं नव्हतं.

या वेळी काही तपासलं नाही. बारा दिवस उचलले आणि माझ्या सर्व्हरमध्ये टाकले, कारण तोच माझ्यासाठी उघडा होता. पावणेदोन तास लागले. एकेक नाव मोजून घेतलं. सगळी आली. मी धुरपताच्या गळ्यात पडले आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो.

"मले वाटलं तुमी माही नोकरी घेता," ती म्हणाली.

४ जून

लहानू आले, बरोबर दोन्हीकडची माणसं. डॉक्टरांनी नव्या सर्व्हरवरून नोंद काढली. नात वाहक नाही. लेकरांना तो आजार होणार नाही. लहानू बाहेर येऊन मला म्हणाले, "मी म्हनलो नवतो? लालच निघालं!" आणि नाचल्यासारखे दोन पावलं चालले.

दुपारी डॉक्टरांसमोर बसले. सगळं लिहून नेलं होतं, माझं लॅब अडलं तेसुद्धा, कागदाचं आणि एकवीस तारखेचंही. प्रफुलला फोन लागला, डॉक्टरांनी आवाज मोठा केला.

"भाभी, माझं आपोआप उठलं ना?"

"उठलं. तुझंच आधी उठलं."

"मग?"

"तुझं चांगलंच आहे. माझं त्याहून चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. पण तुझं अडलं की का अडलं ते तुला कळतं, मला नाही. पाऊस लागला की रस्ता जातो, फोन जातो. तेव्हा इथे जो असेल त्याला कळायला हवं."

तो हसला. "माझ्या साहेबाला काय सांगू?"

"जे झालं ते."

"सांगतो. आणि भाभी... ती सीडी मला पण द्याल? घरी लावून बघतो."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी फोन ठेवला. "इथे जो असेल त्याला, म्हणालात. इथे कोण आहे, रहमतबी? तुम्ही एकट्या. इनायतभाऊ गेले तेव्हा रजिस्टर चार महिने बंद होतं. सगळं त्यांच्या डोक्यात होतं. तुम्ही ते कसं सोडवलंत मी पाहिलंय. आता ते तुमच्या डोक्यात आहे. तुम्ही आजारी पडलात तर मी काय करू? त्यापेक्षा नागपूर बरं."

तीन आठवडे मी सर्व्हर तपासत राहिले, हे एक तपासलं नाही.

"खुलं घ्यायला माझी ना नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही खोलीत नसताना ते बंद होऊन परत उठलं पाहिजे. एवढं दाखवा."

८ जून

तीन दिवस वेगळी वही लिहिली. मराठीत, एका ओळीत एकच काम. पडद्यावर जी इंग्रजी अक्षरं दिसतात ती तशीच चित्रासारखी काढली. धुरपता सातवी शिकली आहे. काल संध्याकाळी तिला वाचायला दिली. दोन ठिकाणी अडली. ती दोन्ही पानं रात्री नव्यानं लिहिली, कारण चूक वाचणारीची नव्हती.

"मी करू हे?" ती म्हणाली. "अन बिघडलं तं?"

"पान अकरा."

तिनं पान अकरा काढलं, ओठ हलवत वाचलं. "हात लावाचा, घाबराचं नाई. असं लिवलं तुमी?"

"हो."

एक पान लिहायचं राहिलं होतं. इनायतचं जुनं मशीन बंद कसं करायचं. सहा ओळींचं काम. टिकटिक ऐकत ऐकत लिहिलं. लिहायला सगळ्यांत जास्त वेळ त्यालाच लागला. वहीत ते पहिलं लावलं, कारण आता ते करूनच बाकीचं सुरू होतं.

आज सकाळी मी धुरपताला माझ्या खुर्चीवर बसवलं, वही तिच्यापुढे उघडली, दार ओढून घेतलं आणि बाहेर बाकावर लोकांमध्ये जाऊन बसले. तिनं "भाभी, उठलं!" अशी हाक मारेपर्यंत उठले नाही.